ठिबक सक्तीचे, मग वीज का रात्रीची?

‘पाणी वाचवायचे तर ठिबक सक्तीचे करा’ हे पत्र वाचले. ठिबकने पाणी वाचते, याबद्दल वादच नाही. पण अल्पभूधारक निव्वळ आळसाने पाटपाणी देतो, हा त्यातला शेरा शेतात न उतरता मारलेला दिसतो.

विहिरीच्या पाण्यात क्षार असले की ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा थर धरतो. गाळणी धुवायची राहिली, आम्लप्रक्रिया टळली, की ओळीतली झाडे माना टाकतात. मग गडी खिळ्याने नळीला भोक पाडतो. ताशी चार लिटर थेंबाथेंबाने सुटायचे तिथे चिळकांडी उडते आणि पुढच्या झाडांपर्यंत दाबच पोचत नाही. अनुदान संच बसवण्यापुरते. तो चालता ठेवायला कोणी फिरकत नाही. त्यात वीज बऱ्याचदा रात्रीची. ऑटो स्विचवर पंप सुरू होतो तो वीज जाईपर्यंत थांबत नाही. असे रात्रभर चालणारे ठिबक पाणी काय वाचवणार?

पाणी नियोजनाने कसे वाचते, हे विलासराव साळुंखे यांनी दाखवले. त्यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदरमधील नायगावात पाणी पंचायत उभी केली. वाटप जमिनीच्या नव्हे, माणसांच्या हिशेबाने. भूमिहीनालाही वाटा आणि उसाला बंदी. आधी पाणी मोजले, मग पीक ठरवले. आपल्याकडे नेमके उलटे चालते, आणि बोल मात्र दोन एकरवाल्याला!

सक्ती करायचीच असेल, तर पहिली सक्ती शेतीपंपाला दिवसा वीज देण्याची करावी.

– एक शेतकरी वाचक, पुणे जिल्हा