पहिल्या टप्प्यापर्यंतची उंची

स्वित्झर्लंडमध्ये युंगफ्राऊकडे जाणारी रेल्वेची एक वाट लाउटरब्रुनेन या गावातून वर चढते. आपल्याकडचे कितीतरी पर्यटक दर उन्हाळ्यात तिथून जातात आणि दरीच्या दोन्ही अंगांना उभ्या असलेल्या सरळसोट कड्यांकडे बघत राहतात. गावाला लागूनच कोसळणारा श्टाउबाख धबधबा २९७ मीटर उंचीचा आहे, त्यावरून त्या कड्यांचा अंदाज यावा. याच कड्यांवरून माणसे विंगसूट घालून उड्या घेतात. हातापायांच्या मधल्या कापडी पंखांत हवा भरली की पडणारे शरीर पुढे सरकू लागते. एक मीटर खाली येताना अडीच-तीन मीटर पुढे जातो, आणि शेवटी पाठीवरची छत्री उघडून उडी घेणारा कुरणात उतरतो. लाउटरब्रुनेनमध्ये हे कायद्याला धरून चालते, आणि तिथे माणसे मरतातही. अशा कड्यांवरून विंगसूटने उडी घ्यायला किमान उंची किती असावी, हा प्रश्न आज बहुतांशी ज्याच्या त्याच्या अंदाजावर सोडलेला आहे. माझे मत असे आहे की ही उंची उघडपणे, आकड्यात ठरवली गेली पाहिजे. ती दरीच्या तळापर्यंत न मोजता कड्याच्या पहिल्या टप्प्यापर्यंत, म्हणजे खाली पुढे आलेल्या पहिल्या कंगोऱ्यापर्यंत मोजली पाहिजे, आणि बिघडलेली उडी डोळ्यांसमोर ठेवून ठरवली पाहिजे.

कड्यावरून पाऊल सुटते तेव्हा विंगसूट उडत नसतो. विमानातून उडी मारणाऱ्याला विमानाचा वेग आयता मिळतो. कड्यावर उभ्या असलेल्या माणसाचा वेग शून्य असतो. पंखांना उचल मिळण्यासाठी लागणारा वेग त्याला पडूनच कमवावा लागतो, आणि त्या वेगाची किंमत उंचीत मोजावी लागते. हवेचा अडथळा सोडून दिला तर पहिल्या सेकंदात माणूस सुमारे ५ मीटर पडतो, दोन सेकंदांत २०, तीन सेकंदांत ४४, चार सेकंदांत ७८ आणि पाच सेकंदांत १२२ मीटर. चौथ्या सेकंदाच्या शेवटी त्याचा वेग ताशी १४० किलोमीटरच्या आसपास असतो. हवा आणि सूट हे आकडे काहीसे कमी करतात, पण सुरुवातीच्या दोन-तीन सेकंदांत फारसे नाही. या हिशेबातली खरी गोष्ट चौथ्या आणि पाचव्या सेकंदांमधल्या फरकात आहे. तो फरक ४४ मीटरचा आहे. म्हणजे पाय घसरला, डोके जास्त खाली गेले किंवा एका बाजूच्या पंखात हवा उशिरा भरली आणि उड्डाण फक्त एका सेकंदाने लांबले, तर बारा-तेरा मजल्यांच्या इमारतीएवढी उंची हातची जाते.

उंची कुठपर्यंत मोजायची, हा प्रश्न इथेच निर्माण होतो. सह्याद्रीत भटकणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे की कडा क्वचितच माथ्यापासून पायथ्यापर्यंत एकसंध असतो. लाव्हाच्या थरांनी बनलेले आपले कडे टप्प्याटप्प्याने उतरतात. आल्प्सचे चुनखडीचे कडे वेगळे असले तरी त्यांनाही कंगोरे असतात, खाली घसाऱ्याचे उतार असतात, झाडी असते. दरीचा तळ आठशे मीटर खाली असेल, पण शंभर मीटरवर एखादा टप्पा पुढे आलेला असेल, तर उडी घेणाऱ्यासाठी तो कडा शंभर मीटरचाच आहे. म्हणूनच या खेळातली जाणती माणसे दगड सोडून तो आपटेपर्यंतचे सेकंद मोजतात किंवा लेझरच्या यंत्राने अंतर घेतात. ही पद्धत योग्य आहे. उणीव एवढीच की त्या मोजमापाचे पुढे काय करायचे, हे प्रत्येकाने आपापल्या धाडसाप्रमाणे ठरवायचे असते.

माझ्या मते हे मोजमाप किमान २०० मीटर असले पाहिजे. हा आकडा हवेतून काढलेला नाही. सामान्य कौशल्याच्या माणसाची उडी मनासारखी झाली नाही, तर नीट उडू लागायला त्याला पाच सेकंद लागू शकतात असे धरू. त्यावर चुकीसाठी एक सेकंद ठेवला तर सहा सेकंदांत शुद्ध गणिताने पडण्याचे अंतर १७६ मीटर होते. टप्प्याच्या वरून जाताना थोडी मोकळी जागा हवीच. हवेच्या अडथळ्यामुळे प्रत्यक्षात यातले काही मीटर वाचतील, आणि ते वाचावेत यासाठीच ते राखून ठेवायचे. कारण इथे दुसरी संधी नसते. विमानातून उडी घेणाऱ्याच्या पाठीवर एक राखीव छत्री असते. कड्यावरून उडणारे बहुतेक एकाच छत्रीवर जातात. उड्डाण जमले नाही म्हणून ती लवकर उघडायची, तर कड्यापासून पुरेसे लांब गेलेले असावे लागते, नाहीतर छत्री भिंतीकडे वळते. अलीकडचे मोठ्या क्षेत्रफळाचे सूट लांबवर तरंगतात, पण त्यांत हात जखडलेले असतात आणि बिघडलेली सुरुवात सावरणे आणखी अवघड होते.

उंच पर्वतांवर हा आकडाही पुरणार नाही. समुद्रसपाटीपासून सात हजार मीटरच्या वर हवेची घनता निम्म्याच्या आसपास येते, आणि तीच उचल मिळवायला पडण्याचे अंतर जवळपास दुप्पट लागते. रशियाचे व्हालेरी रोझोव्ह यांनी २०१३ मध्ये एव्हरेस्टशेजारच्या चांगत्से शिखरावरून ७,२२० मीटरवर उडी घेतली होती. त्यांच्याएवढा अनुभव जगात मोजक्याच लोकांपाशी होता. २०१७ मध्ये नेपाळमधल्या अमा दबलमवरून घेतलेल्या उडीत त्यांचा मृत्यू झाला.

यावर पहिला आक्षेप असा की बहुतेक मृत्यू कमी उंचीच्या कड्यांमुळे होत नाहीत, ते डोंगराला घासून उडण्याच्या हौसेने होतात. यात तथ्य आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय अभ्यासात बेस जंपिंगमधल्या, म्हणजे कडे-इमारतींसारख्या स्थिर जागांवरून घेतलेल्या उड्यांमधल्या, १८० मृत्यूंपैकी ३९ विंगसूटचे निघाले. त्यांत बहुसंख्य उड्या कड्यांवरूनच्या होत्या आणि मुख्य कारण उड्डाणमार्गाचा चुकलेला अंदाज हे होते. पण हा आक्षेप माझा मुद्दा खोडत नाही, उलट पुढे नेतो. डीन पॉटर आणि ग्रॅहम हंट हे दोन विंगसूटधारी २०१५ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या योसेमिटीच्या टाफ्ट पॉइंटवरून उडाले, तेव्हा दरीचा तळ ९०० मीटरहून अधिक खाली होता. त्यांना पार करायची होती ती वाटेतली एक खिंड, आणि तिच्यापाशीच दोघांचा मृत्यू झाला. तळापर्यंतची उंची त्यांच्या कामाची नव्हती. पहिल्या अडथळ्यावर किती उंची शिल्लक राहते, हेच निर्णायक होते. उडी घेण्याच्या जागेला लावायचा नियम उड्डाणाच्या संपूर्ण मार्गालाही लावला पाहिजे.

दुसरा आक्षेप स्वातंत्र्याचा. आपला जीव धोक्यात घालण्याचा हक्क प्रौढ माणसाला आहे, आणि तो मी नाकारत नाही. पण कड्यावर अडकलेल्याला किंवा त्याच्या मृतदेहाला खाली आणायला दोरावरून दुसरी माणसेच जातात. नॉर्वेने १९८६ मध्ये ट्रोलवेग्गेन या कड्यावरून उड्या घेण्यावर बंदी घातली, ती मुख्यतः बचाव पथकांच्या जिवाची काळजी म्हणून. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये फ्रान्समधल्या शामोनीत एक विंगसूटधारी घरावर आदळून मरण पावला आणि तिथल्या महापौरांनी ही उड्डाणे थांबवली. ज्यांना सरकारी बंदी नको आहे, त्यांनी स्वतःची मर्यादा स्वतः आखून ती पाळून दाखवणे हाच बंदी टाळण्याचा मार्ग आहे. नॉर्वेतल्याच क्येराग कड्याने हे दाखवून दिले आहे. तिथला कारभार क्लबच्या हाती आहे आणि उड्यांची नोंद ठेवली जाते, म्हणूनच १९९५ ते २००५ या काळात सुमारे २०,८५० उड्या झाल्या आणि ९ माणसे गेली, म्हणजे दर २,३१७ उड्यांमागे एक, हे जगाला सांगता आले. हे आकडे सर्व प्रकारच्या उड्यांचे आहेत आणि ते दिलासा देणारे मुळीच नाहीत. पण जिथे उडी चोरून, अंधार पडताना घ्यावी लागते, तिथे शिकण्यासाठी असले आकडेसुद्धा उरत नाहीत.

तिसरे म्हणणे अनुभवी लोकांचे असते: आम्ही यापेक्षा कितीतरी कमी उंचीवरून सुखरूप उडतो. उडतात, हे खरे आहे. त्यांच्यासाठी अपवाद ठेवायला हरकत नाही, पण तो नोंदवलेला अपवाद असावा. त्यांच्या चित्रफिती पाहून नवख्याने आपली मर्यादा ठरवू नये. विमानातून उडणाऱ्यांच्या अमेरिकी संघटनेने पहिल्या विंगसूट उडीआधी २०० उड्यांची अट घातली आहे, आणि छत्री उघडण्याची किमान उंचीही परवान्याप्रमाणे ठरवून दिली आहे. त्यामुळे त्या खेळातले साहस संपले नाही. आकड्यामुळे खोटी निश्चिंती येते असेही काही जण म्हणतात. मला वाटते, आजची निश्चिंती अधिक खोटी आहे, कारण ती गेल्या वेळी वाचलो एवढ्याच पुराव्यावर उभी असते.

हे काम सरकारने करण्याची गरज नाही. लाउटरब्रुनेनमध्ये उडी घेणारे शेतकऱ्यांच्या कुरणांसाठी पैसे भरतात आणि उडण्याआधी हेलिकॉप्टर तळाला कळवतात. म्हणजे शिस्त तिथे आधीपासून आहे. त्यात आणखी एक गोष्ट घालायची: प्रत्येक जागेचे पहिल्या टप्प्यापर्यंतचे मोजमाप आणि खालच्या उताराचा आलेख क्लबने प्रसिद्ध करावा, आणि २०० मीटरच्या आतली जागा नवख्यांसाठी बंद ठेवावी. सूट बनवणाऱ्या कंपन्यांनी प्रत्येक सुटाबरोबर, सामान्य उडणाऱ्याला उड्डाण सुरू व्हायला किती उंची लागते, तो आकडा छापावा. श्टाउबाखच्या दरीत २०० मीटरहून उंच कडे आहेत, त्यामुळे या नियमाने तिथला खेळ बंद पडणार नाही. पुढचा मोसम सुरू होण्याआधी स्विस क्लबांनी हे करावे.