लस पाहिजेच, पण औषधहि दाराशीं पाहिजे

खापर-अक्कलकुव्याकडील आमच्या भिल्ल-पावरा बांधवांवर सन २०२१ मध्यें शहरांतील शहाण्यांनीं आरोप केला, 'हे अडाणी लोक कोरोनाची लस टोंचून घेत नाहींत!' आरोप अगदींच खोटा नव्हता; पुष्कळ पाड्यांवर भीति होती. परंतु आम्ही विचारतों, जेथून आजाऱ्यास झोळींत घालून डोंगर उतरावा लागतो, तेथील माणसास सरकारी औषध आजवर कितीसें मिळालें होतें? एरव्हीं तापाची गोळीहि न पोंचविणारा हात एकाएकीं सुई घेऊन आला, तर मनुष्य बिचकणारच.

लशीस आमचा विरोध नाहीं. लशीनें लाखों प्राण वाचले. पण ज्याला आधींच धाप लागली त्याला प्राणवायु हवा, आणि तो जवळ हवा. नंदुरबार जिल्ह्यानें हें वेळेवर ओळखलें. जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड, स्वतः भिल्ल समाजांतले व वैद्यकी शिकलेले, ह्यांच्या कारकीर्दींत सप्टेंबर २०२० मध्यें हवेंतून प्राणवायु काढणारें पहिलें यंत्र बसलें. पुढें आणखी बसलीं. एप्रिल २०२१ मध्यें दिल्लीसारखीं शहरें टँकरची वाट पाहत असतां हा 'मागास' जिल्हा आपल्या पायांवर उभा होता. मागास कोण, तें वाचकांनींच ठरवावें!

औषधांची कथा निराळी. रेमडेसिविरच्या कुपीसाठीं लोकांनीं दागिने मोडले, काळा बाजार माजला. वास्तविक जागतिक आरोग्य संघटनेनें नोव्हेंबर २०२० मध्येंच रुग्णालयांतील रोग्यांस तें देऊं नये असा सल्ला दिला होता. उलट, प्राणवायूवर असलेल्या रोग्यांचे मृत्यु डेक्सामेथासोननें कमी होतात, हें जून २०२० मध्यें इंग्लंडांतील मोठ्या प्रयोगांत सिद्ध झालें. तें औषध कवडीमोलाचें! त्यासाठीं रांग कोण लावणार? ज्यांत नफा नाहीं त्याचा डंका कोणी वाजवीत नाहीं.

ही विषमता जुनी आहे. १८९७ च्या प्लेगांत हाफकीन ह्यांनीं मुंबईच्या सरकारी वैद्यक विद्यालयांत लस तयार केली. त्याच वर्षीं पुण्याजवळ गोरगरिबांची शुश्रूषा मात्र सावित्रीबाई फुले व त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंतराव स्वतःच्या बळावर करीत होते. त्या सेवेंतच १० मार्चला सावित्रीबाईंनीं देह ठेवला.

तेव्हां आमची मागणी साधी आहे. पुढची सांथ येईल तेव्हां खापर, मोलगी व नर्मदाकांठच्या पाड्यांवर लशीची पेटी एकटी येतां कामा नये. प्राणवायूचें यंत्र, स्वस्त पण सिद्ध औषध, तें केव्हां द्यावें हें जाणणारा डॉक्टर आणि लोकांच्या बोलींत बोलणारी परिचारिका हीं त्याच गाडींतून आलीं पाहिजेत. आणि त्यांतील कशासाठींहि रोग्याच्या कनवटीस हात जातां कामा नये.