'सोय तरी मिळाली' हे पालकांचे समाधान नव्हे

तरुणांच्या मानसिक आरोग्यावर आता बरेच बोलले जाते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासूनचा आहे. १४४१६ या क्रमांकावरची टेलि-मानस सेवाही ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. पण मुलाचा हात धरून दवाखान्यात जाणाऱ्या आईवडिलांना ही सेवा कशी वाटली, हे कोण विचारते?

विचारले तरी उत्तर बहुधा 'चांगली आहे' असेच येते. रोजंदारी बुडवून जिल्हा रुग्णालयात आलेल्या आईला डॉक्टर नीट बोलले, गोळ्या फुकट मिळाल्या, एवढेही पुष्कळ वाटते. तक्रार केली तर पुढच्या वेळी कोण दारात उभे करील, ही धास्तीही असते. याला समाधान म्हणता येणार नाही. ही अपेक्षाच न ठेवण्याची सवय आहे.

कायदा मात्र अपेक्षा ठेवतो. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम १८ नुसार सरकारी सेवा परवडणारी, दर्जेदार आणि जवळ असली पाहिजे. तिथे जात, धर्म, लिंग, वर्ग यांवरून भेदभाव चालणार नाही. शिवाय ती रुग्णाला आणि त्याच्या कुटुंबालाही स्वीकारार्ह असली पाहिजे. म्हणजे पालकांचे मत हा हक्काचाच भाग झाला.

कायद्यात जातीचा उल्लेख आहे, समुपदेशकाच्या खोलीत तो असतोच असे नाही. वसतिगृहात आडनावावरून, आरक्षणावरून टोमणे ऐकलेल्या मुलाला 'मन खंबीर कर' एवढाच सल्ला मिळाला, तर दुखण्याचे मूळ तसेच राहते. रोहित वेमुला २०१६ मध्ये गेला, डॉ. पायल तडवी २०१९ मध्ये. त्याच वर्षी राधिका वेमुला आणि आबेदा तडवी या दोघी माता शिक्षणसंस्थांतील जातिभेदाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या. पालकांचे असमाधान याहून स्पष्ट कसे नोंदवायचे?

आपल्यालाही एक सवय सोडावी लागेल. त्रासात असलेल्या मुलाला 'ध्यान कर, ठीक होईल' एवढेच सांगून पाठवू नये. ध्यानाचे मोल आहेच, पण ते उपचाराची जागा घेत नाही.

रविवारी वंदनेनंतर विहारात पालकांसोबत बसूया. किती लांब जावे लागले? औषध मिळाले, की बाहेरून आणायला लावले? मुलाशी एकांतात बोलले का? जातीचा विषय निघाला तेव्हा ऐकून घेतले का? उत्तरे नावांशिवाय लिहून जिल्हा शल्यचिकित्सकांकडे देऊया आणि पोच घेऊया.

जय भीम!