खरारा करणारे हात

आज विजयादशमी. काल खंडेनवमीस आमच्या आरोंदा गावी घरोघरी आयुधांचे पूजन झाले. आयुधे म्हणजे आता कोयता, कुदळ, मासेमारीचे जाळे आणि अंगणातील मोटारसायकल. हँडलला झेंडूची माळ, दिव्यावर हळदकुंकू, चाकाखाली लिंबू, असे सारे यथासांग पार पडले. त्यात उणे काढण्यासारखे काही नाही. जे आपल्याला वाहून नेते त्याच्यापुढे वर्षातून एकदा मस्तक लववावे, ही आपल्या लोकांची रीत मोठी सुसंस्कृत आहे. परंतु त्या माळेचा मूळ मानकरी कोण, याचे स्मरण या निमित्ताने करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाच्या कर्तव्यांचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. आश्विनाच्या नवव्या दिवशी घोड्यांची नीराजना करावी, म्हणजे त्यांना ओवाळावे, असे तेथे सांगितले आहे. मात्र ओवाळणीचे हे विधान त्या प्रकरणाच्या अखेरीस येते. त्याआधी घोड्याचे कुल, वय, वर्ण आणि खुणा यांची नोंद कशी ठेवावी, कोणत्या घोड्यास किती दाणा आणि किती चारा द्यावा, पागा कशी बांधावी, हे सारे बारकाईने आले आहे. उपचारात हयगय होऊन घोड्याचा रोग बळावला तर दंड करावा, हेही तेथेच आहे. तात्पर्य, सेवा आधी आणि ओवाळणी नंतर. आम्ही ओवाळणी तेवढी ठेवली आणि सेवेचा विसर पडू दिला. एवढ्यावरच न थांबता सेवा करणाऱ्या माणसालाही हलका लेखू लागलो. आज लिहावयाचे आहे ते या शेवटल्या गोष्टीविषयी, आणि लिहिताना प्रथम आम्हांला आमचाच कान धरावयाचा आहे.

कोकणात घोडा कुठला?

वाचक म्हणतील, बुवा, तुम्ही तेरेखोलच्या खाडीकाठचे. तुम्हांला घोड्याचे काय? प्रश्न रास्त आहे. जांभ्याचा कातळ आणि चार महिन्यांचा मुसळधार पाऊस यांचा हा मुलूख घोड्याला मानवणारा नव्हे. आमच्याकडील घोडा लाकडाचा. सावंतवाडीच्या चितारआळीतील रंगीत खेळण्यांत तो भेटतो. खाडीपलीकडे गोव्यात पेडणे, डिचोली, सत्तरी या भागांत शिगम्याच्या दिवसांत गडीमाणसे कमरेस लाकडी घोडे बांधून, हाती तलवार घेऊन घोडेमोडणी नाचतात, त्यांतही तो दिसतो. हाडामांसाचा घोडा कोकणात सांभाळणे किती अवघड, हे शिवछत्रपतींच्या त्या प्रसिद्ध पत्रावरून कळते. चिपळुणाकडील छावणीतल्या लष्कराला १६७० च्या दशकात लिहिलेल्या या पत्रात, दाणा-वैरण आधीच उधळाल तर ऐन पावसाळ्यात घोडी मरू लागतील आणि मग ती तुम्हीच मारली असे होईल, अशी कडक समज दिली आहे. उंदराने दिव्याची पेटती वात गवतात नेली तर काय होईल, इथवर त्या राजाची दृष्टी पोहोचली होती.

असे असले तरी कोकणी माणसाच्या रक्तात घोडा आहे. हे आम्ही अलंकाराने बोलत नाही.

सुमारे वीस वर्षांपूर्वी आमच्या बहिणीचा मुलगा काजूच्या बागेत खेळताना त्यास फुरसे चावले. वय दहा. हिरड्यांतून रक्त येऊ लागले, पाय काळानिळा पडला. तालुक्याच्या रुग्णालयात त्यास सर्पविषावरील लस टोचली आणि तिसऱ्या दिवशी तो उठून बसला. तेथील डॉक्टर मोठे रसिक होते. त्यांनी मुलाला समजावून सांगितले की, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांचे विष अगदी अल्प मात्रेत घोड्याला टोचतात. घोड्याचे शरीर त्याचा प्रतिकार तयार करते. मग त्याच्या रक्तातील तो अंश वेगळा काढून हे औषध बनते. मुंबईच्या हाफकिन संस्थेसारख्या ठिकाणी हे काम कित्येक दशके चालले. आम्ही तेव्हा हात जोडले आणि देवीने तारले असे म्हणालो. मुलगा मात्र आपल्या मालवणीत एवढेच पुटपुटला, "आणि त्या घोड्याक कोण बघता?"

दहा वर्षांच्या पोराला सुचलेला तो प्रश्न साठ वर्षे शास्त्र घोकणाऱ्या कुळात कुणाला सुचला नव्हता.

आमचा अपराध

मुलगा मोठा झाला. वाणिज्य शाखेचा पदवीधर झाला. पतपेढीत चिकटण्याची संधी चालून आली असता त्याने घरी सांगितले की, आपण पुण्याकडे एका तबेल्यात घोड्यांच्या कामावर राहणार. बहिणीने आम्हांस बोलावून घेतले. समजावणे हा कीर्तनकाराचा धंदाच. परंतु त्या दिवशी आम्ही समजावले नाही, टोचून बोललो. पोथी वाचणाऱ्या घरात लीद काढणारा निपजला, हे आमचे शब्द. तो एक अक्षर बोलला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने निघून गेला. त्यानंतर चार वर्षे त्याचे आणि आमचे बोलणे नव्हते.

चौथ्या वर्षी पुण्यात आमचे कीर्तन होते. उत्तररंगास जयद्रथवधाचे आख्यान लावले होते. द्रोणपर्वातला तो प्रसंग आम्ही आयुष्यात शेकडो वेळा सांगितला असेल. सूर्य कलू लागला आहे, जयद्रथ अजून दूर आहे आणि रथाचे घोडे बाणांनी विद्ध होऊन तहानेने व्याकुळ झाले आहेत. अर्जुन रथाखाली उतरून पायी लढतो, भूमी भेदून जलाशय निर्माण करतो, भोवती बाणांचे घर उभारतो. भर रणात श्रीकृष्ण घोडे सोडतो, त्यांच्या अंगातली शल्ये स्वतःच्या हातांनी उपसतो, त्यांना चोळतो, जमिनीवर लोळू देतो, पाणी पाजतो, चारा देतो आणि मगच पुन्हा रथाला जुंपतो. नेहमीप्रमाणे आमचा कंठ दाटून आला, श्रोत्यांनीही डोळे टिपले.

आरती झाल्यावर गर्दी ओसरली. खांबाआडून तो पुढे आला. वाकून नमस्कार केला. अंगाला घोड्याचा वास होता. मान खाली घालूनच म्हणाला, "मामानू, देवान घोडे घासल्यान तेव्हा तुमच्या डोळ्यांत पाणी इला. मी घासतंय तर तुमका लाज कित्याक?"

वाचकहो, आमच्या विद्वत्तेची एवढी यथार्थ परीक्षा कोणत्याही पंडितसभेत झाली नव्हती. आम्हांला उत्तर सुचले नाही. सकाळी तुझ्या तबेल्यात येतो, एवढेच बोललो.

पहाटेचा वर्ग

चारच्या सुमारास पोहोचलो तेव्हा त्याचे काम सुरू होऊन गेले होते. एका हाती खरारा, दुसऱ्या हाती मऊ कुंचला. घोड्याच्या मानेपासून पुठ्ठ्यापर्यंत हात एका लयीत फिरत होता, एखाद्या मुरलेल्या मृदंगियाचा फिरावा तसा. मग त्याने चारही पाय उचलून खुरातील माती आणि खडे काढले. नाल दीड-दोन महिन्यांनी बदलावा लागतो, कारण खूर नखासारखे वाढतच असतात. घोड्याला ओकारी होत नाही. म्हणून चंदीत कुजका दाणा गेला तर तो उलटून पडत नाही, पोटशूळ उठतो आणि रात्रीतून जनावर दगावते. दिवसाकाठी पंचवीस-तीस लिटर आणि उन्हाळ्यात त्याहूनही अधिक पाणी त्यास लागते. हे सगळे तो आम्हांला सांगत होता, आणि शास्त्र कोण शिकला आहे हे आम्हांला हळूहळू उमगत होते. फिरवून आणलेल्या एका घोड्याचे खोगीर उतरवून त्याने त्यास वाळूत मोकळे सोडले. घोडा चार पाय वर करून मनसोक्त लोळला. तो म्हणाला, घामेजलेल्या घोड्याला लोळू दिले पाहिजे, त्याने त्याचा शीण जातो. व्यासांनी श्रीकृष्णाकडून घोडे का लोळविले, हा अर्थ आम्हांला पासष्टाव्या वर्षी एका मोतद्दाराकडून कळला.

आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होते. नकुल हा अश्विनीकुमारांचा पुत्र. अज्ञातवासात तो ग्रंथिक नाव घेऊन विराटाच्या पागेत राहिला. ज्या शमीच्या झाडाला आज आपण पूजतो त्यावर शस्त्रे ठेवून हा राजपुत्र वर्षभर घोड्यांची निगा राखीत होता, आणि महाभारतकाराला त्यात उणेपणा दिसला नाही. नल राजाने ऋतुपर्णाच्या पदरी बाहुक होऊन घोडेच हाकले. त्याची अश्वविद्या एवढी मोलाची की राजाने तिच्या बदल्यात आपले अक्षहृदय दिले. शालिहोत्र मुनींच्या नावावरून घोड्याच्या वैद्यास सलोत्री म्हणू लागले. सभासदाच्या बखरीत शिवछत्रपतींच्या पागेची व्यवस्था आहे: पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. ज्या राज्याने तलवारीइतकेच नालाचे आणि पखालीचे महत्त्व ओळखले, त्याच राज्याची घोडी अटकेपर्यंत गेली.

आजचे चित्र

आज या विद्येवर जगणारी माणसे महाराष्ट्रात नाहीत असे नव्हे. माउलींच्या पालखीसाठी बेळगाव जिल्ह्यातील अंकलीहून शितोळे सरकारांचे अश्व दरसाल आळंदीस चालत येतात. रिंगणात ते धावले की टापांखालची माती कपाळी लावावयास लाखो हात पुढे सरसावतात. तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीपासून घोड्यांचा मोठा बाजार भरतो. मुंबईत महालक्ष्मीचे मैदान १८८३ पासून आहे. तेथील शर्यतींत स्वाराचे नाव छापून येते, पहाटे घोडा फिरविणाऱ्या सईसाचे येत नाही. दख्खनच्या भीमथडी तट्टांना स्वतंत्र जात म्हणून शासकीय मान्यता मिळाली ती अगदी अलीकडे. धनगर मेंढपाळांनी आपल्या भटकंतीत ती सांभाळली नसती तर मान्यता कुणाला द्यावयाची, हाच प्रश्न उरला असता.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. मुंबईत मौजेसाठी धावणाऱ्या व्हिक्टोरिया घोडागाड्या २०१५ साली उच्च न्यायालयाने बेकायदा ठरविल्या. डांबरी रस्त्यावर उन्हात उभी राहणारी, हाडे दिसणारी ती घोडी ज्याने पाहिली असतील तो त्या निर्णयाला नावे ठेवणार नाही. परंपरा म्हणून मुक्या जिवाचे हाल चालू ठेवावेत, असे कोणतेही शास्त्र सांगत नाही. माथेरानास मोटारींना मज्जाव असल्याने पिढ्यान्‌पिढ्या घोडेवाल्यांची चूल तेथे पेटत आली. २०२२ च्या अखेरीस तेथे प्रायोगिक ई-रिक्षा आल्या. माणसाने ओढावयाच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा, असा आदेश २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने दिला. माणसाला माणसाने ओढू नये, हे योग्यच झाले. परंतु या बदलात घोडेवाला कोठे उभा राहणार? रस्त्यावर बसविलेल्या फरश्यांवरून टाप घसरते, ही त्याची तक्रार ऐकून घेण्यात कोणाचे काय जाते?

आमचे मत थोडक्यात असे आहे. काळाबरोबर घोड्याचे काम बदलेल, काही ठिकाणी संपेल. त्याचा शोक करू नये. परंतु काम संपले म्हणून त्यातली विद्या आणि माणूस यांना उकिरड्यावर टाकू नये. नालबंदी, चाबूकस्वारी, पागेची निगा यांचे रीतसर शिक्षण आणि प्रमाणपत्र असावे. परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून उभे आहे, त्याच्या जोडीला खालच्या पायरीवरचे असे शिक्षण खेडोपाडी का जाऊ नये? घोड्याच्या लाथेने बरगडी मोडलेल्या मोतद्दारास औषधपाण्याची आणि विम्याची हमी हवी. ज्याला घोड्याला पोटभर खाऊ घालणे जमत नाही, त्याच्या हाती लगाम देऊ नये. आणि सर्वांत मोठी सुधारणा सरकारने नव्हे, आपण करावयाची आहे. मुलगा घोड्यांत काम करतो म्हटल्यावर स्थळ नाकारणारी सोयरीक, आणि तोंड वाकडे करणारा आमच्यासारखा मामा, हे दोघे सुधारले पाहिजेत.

भाच्याचा पगार आजही बेताचाच आहे. मागल्या वर्षी त्याचा हात मोडला होता. हा संसार सुखाचा आहे असे आम्ही म्हणणार नाही. आता तुला परत यावेसे वाटते काय, असे आम्ही त्यास विचारले होते. त्याने घोड्याच्या मानेवर हात ठेवला आणि म्हणाला की, लहानपणी एक प्रश्न पडला होता, त्याचे उत्तर आपणच झालो, आता आणखी कुठे जावयाचे?

यंदा तो दसऱ्याला घरी आला आहे. सायंकाळी देवळासमोर तरंग निघतील, सीमोल्लंघन होईल, आपट्याचे सोने लुटले जाईल. रिवाज असा की लहानांनी थोरांच्या हाती सोने द्यावे आणि पाया पडावे. आज आम्ही आमचे पहिले पान त्याच्या हाती ठेवणार आहो. खराऱ्याने घट्टे पडलेल्या त्या तळव्यावर ते अधिक शोभेल. वाचकांपैकी कोणाच्या दारी असे हात असतील, तर त्यांनीही आज ही सीमा ओलांडावी. सोन्यासारखे राहा.