माशांचा जमाखर्च

सृष्टींतील प्रत्येक प्राण्यास सर्वांत योग्य असाच घाट मिळालेला आहे, हें विधान आपण इतक्या वेळां ऐकतों कीं, त्याविषयीं शंका घेण्याचें आपणांस सुचतच नाहीं. माशाकडे पाहिलें म्हणजे तर तें अक्षरशः खरें वाटतें. मध्यें पुष्ट आणि दोन्ही टोकांस निमुळतें, असें भरलेल्या कुकडीसारखें शरीर. पाण्यांतून जाण्यास याहून सोईची आकृति कोणती असणार? परंतु मग सर्वच मासे या घाटाचे कां नाहींत? पापलेट थाळीसारखा चपटा कां, आणि वाम दोरीसारखी लांब कां? या प्रश्नाचा विचार प्रस्तुत अंकीं करण्याचें आम्हीं योजिलें आहे. ज्या घरांत मासळीचा प्रवेश नाहीं, तेथील वाचकांसही तो परका वाटूं नये. कारण हा विचार वस्तुतः जमाखर्चाचा आहे.

पाणी हें हवेच्या सुमारें 800 पट दाट असतें. त्यांतून मार्ग काढणाऱ्या शरीरास दोन प्रकारचे कर द्यावे लागतात. पहिला घर्षणाचा. अंगाचा पृष्ठभाग जितका अधिक, तितका हा कर अधिक. दुसरा भोंवऱ्यांचा. शरीर जाड व आंखूड असेल, तर त्याच्यामागें पाणी नीट मिळून येत नाहीं, त्यांत भोंवरे उठतात आणि ते शरीरास मागें खेंचतात. शरीर फार लांबट केलें तर पहिला कर वाढतो, फार जाड केलें तर दुसरा. या दोहोंची बेरीज कमींत कमी होण्यास लांबी जाडीच्या सुमारें साडेचार पट असावी लागते. समुद्रांत दूरवर अखंड फिरणाऱ्या ट्यूना जातीच्या माशांचा बांधा याच सुमाराचा असतो. विमानविद्येचे आद्य अभ्यासक जॉर्ज केली (1773–1857) यांनीं कमी विरोधाची आकृति शोधतांना ट्राउट माशाचीं मापें घेतलीं होतीं, यांत नवल नाहीं.

वेगाचा हिशेब याहूनही कडक आहे. सामान्यतः वेग दुप्पट केला कीं पाण्याचा विरोध सुमारें चौपट होतो आणि त्यास लागणारी शक्ति सुमारें आठपट होते. यावरून हळू पोहणें नेहमींच स्वस्त, असा तर्क मात्र कोणी करूं नये. मासा स्वस्थ राहिला तरी श्वासोच्छ्वास, रक्ताभिसरण इत्यादींचा खर्च चालूच असतो. बिऱ्हाडाचें भाडें जसें माणूस घरीं असो वा गांवीं जावो, भरावेंच लागतें, तसाच हा प्रकार. फार रेंगाळत गेल्यास वाटेंत भाडेंच फार पडतें. फार धांवल्यास प्रवासखर्च भारी होतो. म्हणून प्रत्येक माशाचा एक मधला वेग असा असतो कीं, त्या वेगानें गेल्यास कोसागणिक खर्च सर्वांत कमी येतो.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. युरोपांतील तळ्यांमध्यें क्रुशियन कार्प नांवाचा मासा असतो. त्याचा शत्रु पाईक. हा भक्ष्य सबंधच गिळतो. त्यामुळें त्याच्या जबड्यांत जें मावत नाहीं, तें त्याच्या उपयोगाचें नाहीं. 1992 सालीं ब्रॉनमार्क व मायनर या शास्त्रज्ञांनीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनीं कांहीं कार्प पाईकच्या सहवासांत ठेवले व कांहीं त्यांच्यावांचून. पाईकच्या सहवासांतील कार्पांचीं शरीरें पाठीपासून पोटापर्यंत अधिक रुंद झालीं. शत्रूचा केवळ पाण्यांतून येणारा गंधही हा फरक घडविण्यास पुरतो, असें पुढें आढळून आलें. एकाच जातीचा मासा भयाच्या छायेंत आपला घाट बदलतो! जबड्यांत मावूं नये एवढें उंच व्हावयाचें, हाच त्याचा बचाव.

परंतु हें कवच फुकट मिळत नाहीं. उंच शरीरास पाण्याचा विरोध अधिक होतो आणि काटकसरीच्या मधल्या वेगाहून जोरानें पोहतांना त्याचा खर्च अधिक झपाट्यानें वाढतो, हें 1999 सालच्या संशोधनांत दिसून आलें. म्हणून जेथें पाईक नाहींत, तेथील कार्प सडपातळच राहतो. ज्या चोराचें भय नाहीं, त्याच्यासाठीं पहारेकरी कोण ठेवील? उलट 2008 सालीं असेंही आढळलें कीं, हेंच उंच शरीर शत्रूच्या झडपेसरशीं निसटतांना अधिक जोरानें उसळी घेतें व अधिक चपळतेनें वळतें. जो घाट पाण्याचा विरोध वाढवितो, तोच संकटाच्या क्षणीं जीव वांचवितो.

दुसरें टोक युरोपीय ईल माशाचें. वामीसारखा लांबोडका असा हा मासा आयुष्याच्या शेवटीं युरोपांतील नद्या सोडून सुमारें 5000 ते 6000 किलोमीटर दूर सार्गासो समुद्राकडे विणीसाठीं निघतो, आणि या प्रवासांत अन्न घेत नाहीं. सांठविलेल्या चरबीवरच सर्व भार. सर्व अंग नागमोडी हलवीत पोहणें हें पूर्वीं उधळपट्टीचें मानलें जाई. परंतु 2005 सालीं नेदरलंड्समधील शास्त्रज्ञांनीं ईलांना वाहत्या पाण्याच्या बोगद्यांत सुमारें सहा महिने पोहावयास लावलें. त्यांनीं उपाशीपोटीं 5500 किलोमीटर अंतर काटलें, आणि त्यांचा खर्च इतर घाटाच्या माशांच्या मानानें चार ते सहापट कमी भरला. कुकडीचा घाट म्हणजेच काटकसर, हें समीकरणही अशा रीतीनें अपुरें ठरलें.

तात्पर्य, “सर्वांत उत्तम आकृति कोणती?” हा प्रश्नच अपुरा आहे. कशासाठीं उत्तम, आणि कोणत्या खर्चानें, हें विचारल्यावांचून त्यास उत्तर नाहीं. ट्यूनानें दूरच्या भ्रमंतीसाठीं, कार्पानें जीव राखण्यासाठीं आणि ईलानें एकाच अखेरच्या यात्रेसाठीं आपापली पुंजी लाविली आहे. एका खात्यांत जमा करावयाची, तर ती दुसऱ्या खात्यांतूनच काढावी लागते. निसर्गाच्या वहींत उधारीचें पान नाहीं. संसारी माणसास हें सांगावयास पाहिजे असें नाहीं. परंतु कोणाचा घाट बेढब म्हणून हंसण्यापूर्वीं, तो कोणत्या पाईकच्या तळ्यांत वाढला, एवढें पाहावें, असें मात्र आम्हांस वाटतें.