संगणक घ्यावा की जुळवावा?

'गेम' हा शब्द घरात उच्चारला की वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते. त्यातून "गेमसाठी संगणक हवा आहे, आणि तोही सुटे भाग आणून जोडायचा आहे" असे कुणी म्हटले, तर पोरगा हाताबाहेर गेला अशीच बहुतेकांची समजूत होते. आमचे प्राध्यापकही याला फारसे अपवाद नसावेत. या लेखात मला नेमकी दुसरी बाजू मांडायची आहे. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने स्वतः विचार करून जुळवलेला संगणक म्हणजे पैशाचा हिशेब शिकण्याचा एक चांगला मार्ग आहे, असे माझे मत आहे. हा हिशेब न शिकता जो दुकानाची पायरी चढतो त्याचे, पर्यायाने त्याच्या वडिलांचे, नुकसान ठरलेलेच असते.

प्रथम एक गैरसमज दूर करू. मोबाईलवर पैसे लावून खेळायचे खेळ आणि संगणकावरचे खेळ यांना आपल्याकडे एकाच मापाने मोजतात. 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन खेळांसंबंधी कायदा केला. त्याने पैसे लावण्याच्या खेळांना बंदी केली, परंतु ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. कायद्याला जो फरक कळला तो अजून आपल्या घरांत पोचायचा आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींनी 2020 साली 'राजी' हा खेळ तयार केला. त्यातले विश्व आपल्याच देवदैत्यांचे आहे. तेव्हा खेळ हा एक उद्योगही आहे. शिवाय जो संगणक चांगला गेम चालवतो, तो टॅली, व्हिडिओ एडिटिंग आणि प्रोजेक्टचे काम तर हसत हसत करतो.

आता दुकानात जाऊ. दुकानदार कोटेशनच्या कागदावर लिहून देतो : 'आय फाइव्ह, सोळा जीबी, ग्राफिक्स कार्डासहित.' ऐकायला भारदस्त, पण या ओळीतून कळते काय? 'आय फाइव्ह' हे नाव 2009 पासून चालत आले आहे. पहिल्या पिढीचा प्रोसेसरही आय फाइव्ह आणि 2023 साली आलेला चौदाव्या पिढीचाही आय फाइव्हच. कापडाच्या दुकानात कुणी नुसते 'साडी' असे लिहून दिले तर आपली आई बिल भरील काय? ग्राफिक्स कार्डाची गोष्ट तर याहून विचित्र. एनव्हिडियाचे 'जीटी 1030' हे कार्ड 2017 साली आले. त्याच नावाने 2018 साली दुसरे कार्ड बाजारात आले, पण त्यातली मेमरी हलक्या जातीची होती. पहिल्याची मेमरी सेकंदाला 48 जीबी माहिती वाहून नेई, दुसऱ्याची 16.8. नाव तेच, 'दोन जीबी' हा आकडाही तोच, आणि वाहतूक मात्र जवळजवळ एक तृतीयांश! म्हणून कोटेशनवर प्रत्येक भागाचा पूर्ण मॉडेल क्रमांक लिहून घेतल्याशिवाय पुढचे बोलणेच करू नये.

मग निवड कशी करावी? माझ्या मते सुरुवात पडद्यापासून, म्हणजे मॉनिटरपासून करावी. 1920 गुणिले 1080 च्या पडद्यावर सुमारे 20 लाख 73 हजार ठिपके असतात. फोर-के पडद्यावर त्याच्या बरोबर चौपट. पडदा मोठ्या आकड्याचा घेतला की ग्राफिक्स कार्डाचे कामही त्या मानाने वाढते. म्हणजे मॉनिटरचा खर्च मॉनिटरवर थांबत नाही, तो पुढे कार्डाच्या किमतीत शिरतो. तीच गोष्ट वेगाची. 60 हर्ट्झचा पडदा सेकंदाला साठच चित्रे दाखवतो. कार्ड एकशेवीस काढत असेल तर त्यातली निम्मी मेहनत डोळ्यांपर्यंत पोचतच नाही. घटत्या सीमांत उपयोगितेचा नियम आम्ही संत्र्यांच्या उदाहरणावरून पाठ केला. येथे तो आकड्यांत दिसतो. 60 हर्ट्झला एक चित्र 16.7 मिलिसेकंद टिकते, 144 हर्ट्झला 6.9 आणि 240 हर्ट्झला 4.2. पहिल्या बदलाने जवळजवळ दहा मिलिसेकंद वाचतात, दुसऱ्याने तीनसुद्धा नाहीत. किंमत मात्र दुसऱ्या पायरीलाही चढतेच.

त्यानंतर आपण काय खेळणार हे पाहावे. 'व्हॅलोरंट' किंवा 'काउंटर-स्ट्राइक 2' यांसारख्या स्पर्धेच्या खेळांत भार बराचसा प्रोसेसरवर पडतो. 'सायबरपंक 2077' सारख्या देखण्या खेळांत तो ग्राफिक्स कार्डावर पडतो. बैलजोडीतला एक बैल तगडा आणि दुसरा मरतुकडा असेल तर नांगर मरतुकड्याच्याच चालीने चालतो. महागडे कार्ड आणून ते जुन्या प्रोसेसरशेजारी बसवणाऱ्यांची गत अशीच होते. सगळा पैसा एकाच भागावर ओतणारा आणि तो सगळ्या भागांवर सारखा वाटणारा, दोघेही सारखेच चुकतात.

एका भागाची मात्र वकिली करावीशी वाटते, कारण त्याच्याकडे कुणी पाहतच नाही. तो म्हणजे एसएमपीएस, संगणकाला वीज पुरवणारी पेटी. तिच्याने खेळ वेगवान होत नाही, ती कॅबिनेटच्या काचेतून चमकतही नाही. म्हणून दुकानदार काटकसर नेमकी तिथे करतो आणि कॅबिनेटबरोबर कुठलीतरी पेटी ढकलून देतो. पण पेटी बिघडली तर आपल्याबरोबर मदरबोर्ड आणि कार्ड यांनाही घेऊन बुडू शकते. आपल्याकडे पावसाळ्यात वीज कशी ये-जा करते ते मी बेळगावकरांना सांगायला नको. '80 प्लस' ही खूण पाहावी, पण तीही समजून घ्यावी. ती खूण कार्यक्षमतेची आहे. 'ब्राँझ' दर्जाची पेटी निम्म्या भारावर 85 टक्के कार्यक्षम असते. आतल्या भागांना 300 वॉट लागत असतील तर भिंतीतून सुमारे 350 वॉट खेचले जातात. रोज तीन तास खेळले तर महिन्याला साधारण 32 युनिटे होतात. कर्नाटकात 2023 पासून गृहज्योती योजनेखाली घराच्या आधीच्या सरासरीवर दहा टक्के धरून, जास्तीत जास्त 200 युनिटांपर्यंत, वीज मोफत मिळते. सरासरी शंभर युनिटांच्या घरात ही 32 युनिटे आली की शून्याचे बिल संपते. संगणकाचे अंदाजपत्रक करताना हे कलम धरलेले मी आजवर कुणाच्या कागदावर पाहिलेले नाही.

बिलाचेही असेच. संगणकाच्या भागांवर 18 टक्के जीएसटी आहे. 60,000 रुपयांच्या खरेदीत सुमारे 9,150 रुपये कराचे. "बिल नको असेल तर तेवढे कमी करतो" असे गावातल्या एका दुकानात मला सरळ सांगण्यात आले. बिल नाही म्हणजे पुढे कार्ड जळाले तर वॉरंटी मागायला हातात कागद नाही. आज वाचलेले नऊ हजार उद्या तीसचाळीस हजारांना पडू शकतात, हे कळायला लेखाशास्त्राची पदवी लागू नये.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. तयार संगणक आणि जुळवलेला संगणक यांतला खरा फरक पहिल्या दिवशी दिसत नाही, तो तिसऱ्या वर्षी दिसतो. कंपनी कायदा 2013 च्या दुसऱ्या अनुसूचीत डेस्कटॉपचे उपयुक्त आयुष्य तीन वर्षे धरले आहे. आयकरात 40 टक्क्यांनी घसारा काढला तर 60,000 चा संगणक तीन वर्षांनी 12,960 वर येतो. परंतु त्याच अनुसूचीत असेही म्हटले आहे की, मालमत्तेचा एखादा भाग मोठ्या किमतीचा असेल आणि त्याचे आयुष्य वेगळे असेल, तर त्याचा हिशेब वेगळा धरावा. आमच्या पाठ्यपुस्तकातली ही कोरडी ओळ मला संगणक उघडल्यावर समजली. कॅबिनेट, चांगली पेटी आणि मॉनिटर ही पुष्कळ वर्षे चालतात. प्रोसेसर मध्यम वयाचा. ग्राफिक्स कार्ड सर्वांत आधी म्हातारे होते. मग एक भाग थकला म्हणून सगळ्या गाड्याला मोडीत का काढावे?

म्हणूनच मदरबोर्ड घेताना पुढच्या वाटेचा विचार हवा. 2017 साली एएमडीच्या एएम-फोर सॉकेटवर रायझन प्रोसेसर घेतलेल्यांपैकी अनेकांना 2022 साली त्याच बोर्डावर, बायोस बदलून, 5800 एक्स-थ्रीडी हा तेव्हाचा अव्वल गेमिंग प्रोसेसर बसवता आला. याउलट त्याच 2017 साली इंटेलचा आठव्या पिढीचा प्रोसेसर आला तेव्हा सॉकेटचे नाव जुनेच, एलजीए 1151, होते. पण आदल्या वर्षीच्या बोर्डावर तो चालत नव्हता. दोन्ही कंपन्या व्यापारच करतात. ग्राहकाने मात्र बोर्डावर कोणते प्रोसेसर चालतात याची यादी पाहूनच घ्यावे.

2025 च्या उत्तरार्धात रॅमचे भाव भडकले, हे ताजे उदाहरण. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांकडे मेमरीचा ओघ वळला, आणि डिसेंबरात मायक्रॉन कंपनीने सामान्य ग्राहकांसाठीचा आपला 'क्रुशियल' हा व्यवसाय बंद करण्याचे जाहीर केले. अशा वेळी ज्याला भागांची माहिती आहे तो जुनी डीडीआर-फोर रॅम जपून ठेवतो आणि तिला चालणारा बोर्ड शोधतो. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीसाठी तसे बोर्ड निघाले आहेत. ज्याला माहिती नाही तो भडकलेल्या भावात सगळेच नव्याने विकत घेतो.

सुधारणा करण्यापूर्वी फुकटची सुधारणा आधी करावी, असाही माझा आग्रह आहे. 3200 च्या वेगाची रॅम बायोसमध्ये एक्सएमपी चालू न केल्यास बहुधा 2133 किंवा 2400 वरच धावते. 144 हर्ट्झचा मॉनिटर विंडोजमध्ये न सांगितल्यास साठावरच राहतो. एकाऐवजी दोन रॅम बसवल्या तर दुहेरी वाट मिळते. पंख्यांतली धूळ काढणे आणि थर्मल पेस्ट बदलणे यांना तर किरकोळ पैसे पडतात. एवढे करूनही अडले तर मग एकच भाग बदलावा आणि फरक पाहावा. जुन्यात आधी पुष्कळ घातले म्हणून त्यातच आणखी घालत राहणे हेही बरे नव्हे. बुडालेला खर्च पुढच्या निर्णयात धरू नये, हे आम्ही परीक्षेत लिहितो आणि बाजारात विसरतो.

विरुद्ध बाजूने बोलणारे म्हणतात की, तयार संगणक घेतला की एकाच कंपनीची जबाबदारी असते, डोक्याला ताप नाही. वसतिगृहात राहणाऱ्याला लॅपटॉपच सोयीचा. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. ज्याला वेळ नाही त्याने तयार घ्यावा. पण आपण सोयीसाठी किती जादा मोजतो हे माहीत असून मोजावे. आंधळेपणाने मोजणे आणि समजून मोजणे यांत फार अंतर आहे.

हे अंतर आपल्या बाजूला भाषेमुळेही वाढते. मराठी किंवा कन्नड माध्यमातून आलेला मुलगा काउंटरवर इंग्रजी शब्दांचा मारा सुरू झाला की मान डोलावू लागतो; न कळलेले विचारायची त्याला लाज वाटते. खरे तर शब्द पंधरावीसच आहेत, आणि ते कुणाच्याच आईच्या भाषेतले नाहीत. बंगळूरच्या एस. पी. रोडवर कन्नडात विचारावे, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मराठीत विचारावे. दुकानदार दोन्हीकडे उत्तर देतो. आपण म्हणतो, अंथरूण पाहून पाय पसरावेत. आमचे कन्नड मित्र म्हणतात, 'हासिगे इद्दष्टु कालु चाचु.' शहाणपण एकच आहे, फक्त अंथरुणाचे माप घ्यायला आपण शिकले पाहिजे.

यासाठी महाविद्यालयाला एक सूचना करावीशी वाटते. 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चा नेहमीचा पाठिंबा संपला, आणि साधारण 2018 पूर्वीच्या बहुतेक संगणकांना विंडोज 11 अधिकृतपणे चालत नाही. असे संगणक भंगाराच्या भावाने लिलावात काढण्याची घाई कुठल्याच महाविद्यालयाने करू नये. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवून, रॅम वाढवून आणि मोफत मिळणारे लिनक्स घालून त्यांतले कितीतरी चालू शकतील. हे काम कंत्राटदाराला न देता, एखाद्या शनिवारी सरांच्या देखरेखीखाली आम्हा मुलामुलींना द्यावे. कोणता भाग ठेवला, कोणता बदलला आणि का, याचा जमाखर्च प्रत्येक गटाने लिहून द्यावा. त्या कागदाला अंतर्गत गुण दिले तर आमची हरकत नाही!