अंतराचा हिशेब

सहकारी आनंदराव पेंटर यांच्या अकाली निधनानंतरही जिद्द न सोडता कलामहर्षी बाबूराव पेंटर यांनी १९१८ मध्ये कोल्हापुरात स्वदेशी कॅमेरा सिद्ध केला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ हा मूकपट साकारला. ज्या नगरीत कॅमेरा हाताने घडविला गेला, तेथे आज तो प्रत्येकाच्या खिशात आहे. मात्र तो कोठे धरावा, याचे भान क्वचितच दिसते.

विवाहेच्छू मुलामुलींच्या परिचयपत्रासोबत जाणारे छायाचित्र अनेकदा घरातच, मोबाइलवर, हातभर अंतरावरून टिपलेले असते. त्यात नाक मोठे दिसते आणि कान मागे दडतात. पाहणारे चेहऱ्याविषयी मत बनवितात व भेटीपूर्वीच नकार कळवितात. दोष मात्र अंतराचा असतो.

हिशेब सोपा आहे. नाकाचे टोक व कान यांत सुमारे १२ सेंटिमीटर अंतर धरावे. कॅमेरा नाकापासून ३० सेंटिमीटरवर असेल, तर कान ४२ सेंटिमीटरवर येतात. कानांच्या तुलनेत नाक ४० टक्के मोठे उमटते. कॅमेरा २ मीटरवर नेला की ही वाढ अवघी ६ टक्के उरते. बैठकीत समोरच्या माणसाला आपण साधारण एवढ्याच अंतरावरून पाहतो. म्हणून ते चित्र ओळखीचे वाटते.

चेहऱ्याची ठेवण भिंगामुळे बदलते, हा समज खरा नाही. ती अंतरामुळे बदलते. लांब पल्ल्याच्या भिंगामुळे दूर उभे राहूनही चेहरा चौकटीत भरतो, इतकेच. म्हणूनच व्यावसायिक छायाचित्रकार व्यक्तिचित्रासाठी ८५ ते १०५ मिलिमीटरचे भिंग पसंत करतात. मोबाइलमध्ये दुपटी-तिपटीचे भिंग असल्यास ते निवडावे आणि दोन पावले मागे सरकावे.

उंचीचाही विचार करावा. चेहऱ्यासाठी कॅमेरा डोळ्यांच्या पातळीवर असावा. हनुवटीखाली भरलेपणा असल्यास किंचित वर घ्यावा. खालून टिपल्यास हनुवटी व नाकपुड्याच नजरेत भरतात. उभ्या, पूर्ण छायाचित्रासाठी मात्र कॅमेरा कमरेच्या पातळीवर आणावा, अन्यथा पाय आखूड दिसतात. कौटुंबिक समूहचित्रात रुंद भिंग कडेच्या माणसांना ताणून स्थूल दाखविते. म्हणून कडेला थोडी जागा मोकळी सोडावी.

यात फसवणूक नाही काय, असा प्रश्न विचारला जातो. वर्ण उजळणारा, गाल कोरणारा फिल्टर ही फसवणूकच होय; ती पहिल्याच भेटीत उघडी पडते आणि अवघडलेपण त्या मुलीला सोसावे लागते. योग्य अंतर चेहऱ्यात कशाचीही भर घालीत नाही. माल तोलण्यापूर्वी व्यापारी काटा शून्यावर आणतो, तसेच हे आहे. तेव्हा परिचयपत्र धाडण्यापूर्वी फिल्टर बंद करून, दोन मीटरवरून छायाचित्र पुन्हा एकदा घ्यावे.